दुपारनंतरचं पाणी

दोन वाजून गेले की पाईपातली धार बारीक व्हायला लागायची. मनगटाएवढी असलेली अंगठ्याएवढी व्हायची, मग करंगळीएवढी, आणि चारच्या सुमाराला पाईप नुसताच गुरगुरत राहायचा. सांडू फावडं खांद्यावर टाकून बांधावर उभा राहायचा आणि खालच्या तुकड्याकडं बघायचा. वरच्या तुकड्यातला कांदा हिरवागार, आणि खालच्या तुकड्यातल्या पाती शेंड्याला पिवळ्या पडून वाकलेल्या. मार्च अर्धा सरला होता. कांदा पोसायचे हेच पंधरा-वीस दिवस. आत्ता पाणी मिळालं तर मूठभर गड्डा, नाही तर सुपारीएवढा.

विहिरीत पाणी होतं, हेच जास्त जिव्हारी लागायचं. वाकून बघितलं की काळंशार पाणी खाली चमकताना दिसायचं. वर मात्र येत नव्हतं. खालच्या तुकड्याला सकाळी पाणी द्यावं तर वरचा सुकायचा. अर्ध्या दिवसाच्या पाण्यात एकच तुकडा भिजायचा.

दिवाळीच्या पुढं सरकारी योजनेतला सौरपंप मळ्यात बसला, तेव्हा दगडाबाईनं नारळ फोडला होता. आयुष्यभर सांडूनं, तिच्या नवऱ्यानं, रात्रपाळीच्या विजेवर, काट्याकुट्यात कंदील धरून पाणी दिलं होतं. आता दिवसा उजेडी पाणी मिळणार म्हणून तिनं मळ्यात पुरणाचा घास ठेवला होता. थंडीत कांद्याची तहान कमी होती, म्हणून कोणाच्या ध्यानात काही आलं नाही. ऊन तापलं आणि खोड कळली.

"मंजे, प्लेटा पुसल्या होत्या का सकाळी?" दगडाबाईनं सुनेला विचारलं.

"पुसल्या की, आत्या. दोन डाव पुसल्या."

"मग धूळ कशी दिसतीय?"

"ती धूळ नाय, सावली हाय तुमची."

सांडूला हसू आलं, पण त्यानं ते मिशीत दाबलं. मंजुषा पुन्हा फडकं आणि बादली घेऊन गेली. लोखंडी शिडीवर चढून वाकून प्लेटा पुसताना तिच्या पाठीचा घाम पदरातून झिरपून दिसत होता. तिचा नवरा सोमनाथ शेंद्र्याला कारखान्यात होता, आठवड्याला एकदा यायचा. तोवर मळ्यातलं पडेल ते काम तिच्याकडंच. दगडाबाई खाली उभी राहून सांगत होती, "त्या कोपऱ्यात राहिलं बघ. ते पांढरं काय हाय? चिमणीचं हाय ते, खरवड."

पुसून झालं. पाईप गुरगुरतच राहिला.

दुसऱ्या दिवशी पडेगावहून प्रणय नावाचा पोरगेला दुकानदार आला. सौर सामान विकायचा. सांडूनंच त्याला बोलावलं होतं. ओट्यावर बसून, चहाची बशी बाजूला सारून त्यानं मोबाईलवर रंगीत नकाशा काढला.

"काका, हे बघा. जितकं लाल, तितकं ऊन जास्त. हे बीड. हे जालना. आन हे आपण, कन्नडची बाजू. जरा फिकट दिसती का नाय?"

सांडूनं मोबाईल हातभर लांब धरून बघितला. "म्हंजे देवानं ऊन बी आपल्याला मापूनच दिलं."

"तसं नाय काका. दोन प्लेटा वाढवल्या की भरून निघतं."

"केवढ्याला पडंल?"

प्रणयनं आकडा सांगितला. सांडूनं गोठ्याकडं बघितलं. गोठ्यात तांबूस कालवड उभी होती, पहिल्यांदाच गाभण. दावणीवरची वैरण खाता खाता तिनं कान हलवले.

"बाजारात हिचे तेवढे येतील," सांडू म्हणाला. "सोमवारी नेतो."

दगडाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. ती कालवड तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. गाय विताना मेली, आणि वासराला रात्रंदिवस मांडीवर घेऊन तिनं जगवलं होतं. पण ते बोलून काय उपयोग होता? खालच्या तुकड्यात वर्षाचं पोट होतं.

"आमच्या सुरेखाकडं बी असाच पंप हाय, बीडला," ती म्हणाली. "आन आप्पाकडं भोकरदनला. त्यांना विचारलं का?"

"त्यांना काय विचारायचं? तिकडं ऊन जास्तीचं हाय, म्हणला ना हा."

"भाकरीला पीठ घेताना बी मी मापून घेते. कालवड द्यायच्या आधी मापून तर बघू."

प्रणय हसला. "काकू, ऊन कशानं मापता?"

"पाण्यानं," दगडाबाई म्हणाली.

ठरलं ते असं. तिन्ही ठिकाणी पंप सारखाच, पाच अश्वशक्तीचा. विहिरींची खोलीही दोन-चार हातांच्या फरकानं सारखी. प्रत्येकानं पाईपाखाली दोनशे लिटरचा ड्रम ठेवायचा आणि तो भरायला किती वेळ लागतो ते बघायचं. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि साडेतीनला. सुरेखा म्हणजे त्यांची लेक, गेवराईच्या बाजूला दिलेली, आप्पासाहेब म्हणजे दगडाबाईचा धाकटा भाऊ. दोघांनाही फोनवर नीट समजावून सांगितलं. आप्पासाहेब म्हणाला, "अक्का, हे काय शाळेतलं गणित काढलंस?"

"तुला शाळेत आलं नाय, ते आता तरी कर."

शनिवारी सकाळी आठला मंजुषानं मोबाईलचं घड्याळ लावलं. दगडाबाईचा मोबाईलवर विश्वास नव्हता. ती आपली विसांनी मोजत होती. एक वीस, दोन विसा, तीन विसा. धार ड्रमात पडली की आधी पोकळ आवाज यायचा, मग तो भरत भरत जाड व्हायचा. नऊ विसा झाल्या आणि पाणी काठावरून सांडलं.

"तीन मिनिटं," मंजुषा म्हणाली.

भोकरदनचा फोन आला. साडेचार मिनिटं. सुरेखाचा आला. तिचीही साडेचार.

सांडू बसल्या जागेवरून उठला. "आरं! आपलंच ऊन कडक हाय की!"

आप्पासाहेबाला ते पटेना. "अक्का, खरं सांग. ड्रमात आधीचं पाणी होतं का नाय?"

"तुझ्या डोक्यात होतं," दगडाबाई म्हणाली आणि फोन ठेवला. सकाळभर ती मळ्यात जरा ताठ चालत होती.

बाराला तिन्ही ड्रम दोन मिनिटांच्या आसपास भरले. बीडचा सगळ्यात आधी, मग जालन्याचा, मग यांचा. पण फरक एवढासाच, एका घागरीचाही नाही. नकाशातलं लाल आणि फिकट पाण्यात उतरलं ते एवढंच. त्याच फोनांवर दोघांनी आपापल्या बाजूच्या प्लेटांचा भावही सांगितला. बीडला माल लांबून येतो म्हणून महाग. भोकरदनला स्वस्त, पण तिथून आणायचं टेम्पोचं भाडं धरलं की शेवटी तेवढ्यालाच पडत होतं.

साडेतीनला मंजुषानं घड्याळ लावलं. करंगळीएवढी धार ड्रमात पडत होती. दगडाबाई मोजू लागली. दहा विसा. वीस विसा. पाणी ड्रमाच्या तळाला हलत होतं. तीस विसांना ती थांबली.

मोबाईल वाजला. "आई, आमचा तीन मिनिटांच्या आत भरला," सुरेखा म्हणाली. "मामाचा बी तीनलाच भरलाय. तुमचा?"

"भरतोय," दगडाबाई म्हणाली.

"अजून?"

"भरतोय म्हणलं ना!"

तिनं फोन मंजुषाच्या हातात दिला आणि ड्रमाकडं पाठ करून उभी राहिली. सांडू खाली बसला, मातीचं एक ढेकूळ उचलून बोटांत चुरडू लागला. सकाळी आपण सगळ्यांच्या पुढं, दुपारी बरोबरीनं, आणि तिसऱ्या प्रहरी एकदम मागं. ऊन कमी असतं तर सकाळीही कमीच असतं की. एकाच गावाला सकाळी जास्त आणि दुपारून कमी, असं कोणतं ऊन असतं?

"मशीनच खराब असंल," सांडू म्हणाला. "जाऊ दे. प्लेटा वाढवू."

रविवारी घरी कुरडया घालायच्या होत्या. गव्हाचा चीक तीन दिवस आंबवून ठेवलेला, तो टाकता येत नव्हता. पहाटे उठून सासू-सुनेनं चीक शिजवला, साच्यातून बाजेवरच्या धोतरावर कुरडया घातल्या. दगडाबाईनं बाजेचे पश्चिमेकडचे दोन खूर दगडांवर चढवले. बाज उगवतीकडं उतरती झाली आणि कोवळं ऊन कुरडयांवर सपाट पडलं. हे ती लहानपणापासून करत आली होती. तिच्या आईनं शिकवलेलं.

जेवणं झाल्यावर मंजुषा कुरडयांना हात लावून म्हणाली, "आत्या, वरून वाळल्या, खालून वल्याच हायेत."

"बाज फिरव मग. ऊन त्या अंगाला गेलं. आता ह्या खुरांखाली दगड घाल."

दोघींनी बाज उचलली. दगड काढून दुसऱ्या बाजूला सारले. बाज मावळतीकडं उतरती झाली आणि ऊन पुन्हा कुरडयांवर सपाट बसलं. मंजुषा आत गेली. दगडाबाई मात्र बाजेचा खूर हातात धरून तशीच वाकलेली राहिली.

मग ती सरळ झाली आणि डोक्यावर पदर घेऊन मळ्याकडं निघाली. चप्पल घालायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही. तापलेल्या फुफाट्यात पाय भाजत होते. विहिरीजवळ प्लेटांच्या दोन रांगा उभ्या होत्या, प्रत्येक रांग एका जाड खांबावर. तोंडं उगवतीकडं. तिनं शिडीवर दोन पायऱ्या चढून काचेवर तळहात ठेवला. सकाळी प्लेटा पुसताना मंजी म्हणायची, डोळे दिपतात. आता त्या काचेत बघितलं तर नुसतं निळं आभाळ दिसत होतं. सूर्य प्लेटांच्या पाठीकडं कलला होता आणि ऊन त्यांना तिरकं चाटून जात होतं.

ती दोन पोरं तिला आठवली. प्लेटा बसवायला आलेली, दुसऱ्या मुलखातली. सांडू त्या दिवशी बाजाराला गेला होता. पोरांनी सांगाडा उभा केला आणि तोंड दक्षिणेकडं धरलं, तेव्हा तीच धावत गेली होती. "दक्षिणेला नको रं लेकरांनो. घराचं दार आपण तिकडं ठेवत नाय, चूल ठेवत नाय. उगवतीला तोंड करा." एकजण म्हणाला होता, "मावशी, दक्षिणेलाच लागतं." तिनं हात जोडले होते. सोमनाथ मोटारसायकलवर शेंद्र्याच्या रस्त्यानं येतो-जातो, पुढं मंजीच्या पोटात लेकरू येईल, घरात काही वाईट नको. पोरांना पुढच्या गावाला जायची घाई होती. त्यांनी उगवतीला तोंड केलं, चहा पिला आणि गेली.

घरी येऊन तिनं मंजुषाच्या फोनवरून सुरेखाला लावला. आवाज बारीक करून विचारलं, "तुमच्या प्लेटांचं तोंड कुठं हाय गं?"

"दक्षिणेला. सगळ्यांचंच तिकडं असतंय. का गं?"

"काय नाय. पोरं बरी हायेत ना?"

दिवस कलला. सांडू गोठ्यात होता. उद्या बाजारात न्यायची म्हणून कालवडीला धूत होता. काथ्याच्या चोथ्यानं घासून घासून तिच्या मांडीवरचं वाळलेलं शेण काढत होता. दगडाबाई खांबाला धरून उभी राहिली. दुपारपासून तिनं शब्द जुळवले होते, पण तोंडून निघालं ते एवढंच.

"नका धुऊ तिला."

"मग काय, शेणानं भरलेली नेऊ?"

"नेऊच नका."

सांडू मान वर न करता म्हणाला, "आगं, मला काय हौस हाय का? खालचा तुकडा..."

"प्लेटांचं तोंड मी फिरवायला लावलं."

त्याच्या हातातला तांब्या वाकडा झाला. पाणी त्याच्याच पायावर सांडत राहिलं. तिनं सगळं सांगितलं. पोरं, हात जोडणं, दक्षिण. बाजेचं सांगितलं. सुरेखाला काय विचारलं तेही सांगितलं. सांडू ऐकत होता. ती कधी थांबते याची तो वाट बघतोय असं तिला वाटलं. मग तो ओरडेल, आणि ओरडला तर बरंच होईल.

तो ओरडला नाही. म्हणाला, "आन सूनबाईला रोज फडकं घेऊन पळवलं."

ते दगडाबाईला लागलं. मागं वळून बघते तर मंजुषा दारात. तिनं सगळं ऐकलं होतं. दगडाबाईची नजर तिच्या हातांवर गेली. रोज खरडून खरडून बोटांची साल निघालेली.

"मंजे," ती म्हणाली, "उद्यापासून प्लेटा मी पुसते."

"पुसा," मंजुषा म्हणाली. "पण शिडी मी धरते. नायतर पडाल आन परत मीच पळंल, डाक्टरकडं."

सांडू खळखळून हसला. कितीतरी दिवसांनी हसला. कालवड दचकून बाजूला झाली. दगडाबाईला मात्र हसता येईना. "पण दक्षिणेला तोंड करायचं म्हंजे..." ती पुटपुटली.

सांडूनं तांब्या खाली ठेवला. "विहिरीपासून खालच्या तुकड्याला पाणी कोणत्या अंगानं जातं?"

ती विचार करू लागली.

"दक्षिणेला. उतारच तिकडं हाय. मी चाळीस वर्षं दक्षिणेला तोंड करून बारं देतोय. माझा बाप बी तसाच द्यायचा. त्यावरच आपण जेवलो. मला काय झालं?"

दगडाबाईनं यावर कधी विचारच केला नव्हता. तिनं चोथा उचलला आणि कालवडीची दुसरी बाजू घासायला घेतली. धुवायला सुरुवात केलीच होती, तर अर्धवट कशाला ठेवायची.

सोमवारी सांडू बाजाराला गेला नाही. देवगावचा इलियास मोटारी दुरुस्त करायचा, त्याला तो सकाळीच घेऊन आला. इलियासनं आधी पंपाच्या कंपनीला फोन लावला, बराच वेळ व्हय व्हय करत ऐकलं आणि म्हणाला, "वेल्डिंगला हात लावायचा नाय. नटं ढिली करून वरचा सांगाडा फिरवायचा. बास."

मग त्यानं प्लेटांकडं आणि दगडाबाईकडं आळीपाळीनं बघितलं. "काकू, तुम्ही म्हणाल तिकडं फिरवतो. आमच्या किब्ल्याकडं, मावळतीला, फिरवू का?"

"तिकडं फिरवलं तर सकाळचं पाणी जाईल ना रं?"

"शिकल्या की काकू!" इलियास सांडूला म्हणाला. "भाऊ, आता दुकान लावून द्या यांना."

मंजुषानं मोबाईलवर दिशा दाखवणारी सुई काढली. पण एवढ्या लोखंडाजवळ ती वेड्यासारखी फिरत होती. इलियासनं मोकळ्या जागेत पहार उभी रोवली. "सावली आखडत जाईल," तो म्हणाला. "सगळ्यात आखूड होईल ना, ती सरळ उत्तरेला. तिच्या उलटं आपलं तोंड." चौघंही त्या सावलीभोवती बसले. सावली इंचाइंचानं आत येत होती. दगडाबाई तिच्या टोकाशी खडे ठेवत गेली. साडेबाराच्या पुढं थोड्या वेळानं नवा खडा मागच्या खड्यापेक्षा बाहेर पडला, तेव्हा ती म्हणाली, "झाली. आता वाढायला लागली."

नट गंजले नव्हते, पण पोरांनी घाईत ते वाकडे आवळले होते. इलियास पान्यावर लोंबकळला, सांडूनं पान्याला पाईप लावून जोर दिला. लोखंड कुरकुरलं. मग चौघांनी दोन बाजूंनी सांगाडा धरला. दगडाबाईच्या हातांना लोखंडाचा चटका बसत होता, पण तिनं पदर मधे घेतला नाही.

"हळू. हळू. आता इथं," इलियास म्हणत होता. "काकू, तुम्ही ओढा. तुम्हीच उलटं केलं, तुम्हीच सुलटं करा."

"तोंड आवर आन नट आवळ," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजातला ताण सुटला.

दोन्ही रांगा फिरल्या. घामानं निथळलेलं अंग घेऊन सगळे लिंबाखाली बसले, भाकरी खाल्ली. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. कानच पाईपाकडं लागले होते. अडीच वाजले. तीन वाजले. धार पडतच होती. थोडी बारीक झाली, पण मनगटापेक्षा फार कमी नव्हती.

साडेतीनला मंजुषानं घड्याळ लावलं. दगडाबाईनं विसा मोजल्या नाहीत. तिला धीर नव्हता. ड्रम काठावरून सांडला, तेव्हा मंजुषा म्हणाली, "तीन मिनिटं आन थोडी."

सांडूनं पाईप ड्रमातून काढून पाटात सोडला. "चल," तो बायकोला म्हणाला. "वाफे मोड तू, मी पाट बघतो."

पाणी वरच्या तुकड्याच्या कडेनं धावत खाली आलं. पुढं पुढं वाळलेली पानं, काटक्या, एक मुंगळा लोटत आलं. दगडाबाईनं फावड्यानं माती सारून खालच्या तुकड्याचा पहिला वाफा मोडला. तडकलेल्या जमिनीनं आधी पाणी नुसतंच पिलं, फेस आला, बुडबुडे फुटले. मग पाणी वर चढलं. तिनं वाफा बांधला, दुसरा मोडला. तिसरा. साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती वाफ्यामागून वाफा पुढं सरकत होती, दक्षिणेकडं तोंड करून. पाच वाजले. शेवटच्या ओळीतल्या वाफ्यात पाणी शिरलं, तेव्हा ती तिथंच थांबली. पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतले होते. चटके खाल्लेल्या तळव्यांना गारवा चढत होता. ती तशीच उभी राहिली.

"आगं, वाफा फुटंल!" वरून सांडू ओरडला. "बघतीस काय? भरला तो!"

खरंच वाफा तुडुंब भरून पाणी बांधावरून बाहेर निघालं होतं. तिनं घाईघाईनं दोन फावडी माती ओढली.

"आता कुठं देऊ?"

"आता कुठंच नाय. झालं समदं." सांडूनं विहिरीकडं तोंड करून हाळी दिली, "सूनबाई! बंद कर गं पंप!"

ऊन अजून प्लेटांवर होतं. मंजुषा पेटीजवळ गेली, पण बटणांवरून बोट फिरवत थांबली. इतके दिवस पंप आपला आपणच मरायचा. तो हातानं बंद करायची वेळ आजवर आलीच नव्हती.

"मामा, कोणतं बटण?" तिनं विचारलं.

सांडूलाही ठाऊक नव्हतं.